कानपिळी आणि दोन सायकली

माझ्या लग्नात एक गांधीलमाशी होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं, आणि तिच्यावर विश्वास ठेवणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

लग्न बायकोच्या माहेरी होतं, मुळशीच्या तलावाकाठच्या एका वाडीत. स्वातंत्र्य येऊन दहाएक वर्षं झाली होती. मी पुण्यात एका छापखान्यात कंपोझिटर होतो. दिवसभर शिशाचे खिळे उलटे जुळवायचे आणि संध्याकाळी जग सुलटं दिसेपर्यंत डोळे चोळायचे. तर वैशाखाचं ऊन, होमाचा धूर, आणि सकाळपासून ती माशी माझ्या मुंडावळ्यांभोवती घिरट्या घालत होती. मी तिला दोनदा हाकललं. भटजींनी दोनदा डोळे वटारले. मग कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं मागून येऊन नवरदेवाचा कान पिळायचा, बहिणीला नीट सांभाळ अशी समज द्यायची, अशी रीत. मला ती ठाऊक होती, ठाऊक नव्हती असं मी कधीच म्हटलेलं नाही. पण धुरानं डोळे मिटलेले, कानाशी गुणगुण चाललेली, आणि नेमका त्याच घटकेला मेव्हण्यांनी मागून येऊन कान धरला.

मी डोळे न उघडता, सगळ्या ताकदीनिशी, माशीला मारलं.

डोळे उघडले तेव्हा मेव्हणे कपाळ धरून उभे होते, आणि मी मानानं दिलेला त्यांचा गुलाबी फेटा लाह्यांच्या सुपात पडला होता. मांडवात कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. माशी गेली होती.

मेव्हण्यांचं म्हणणं साधं होतं. फेटा गावासमोर पडला, तेव्हा गावासमोर मी तो परत बांधून द्यावा आणि 'चुकलं' म्हणावं. माझंही म्हणणं साधं होतं. मला फेटा बांधता येत नाही, आणि जे मी मुद्दाम केलं नाही त्याला मी 'चुकलं' म्हणणार नाही. त्या वयात माणसाला वाटतं की आपण एकदा वाकलो की जन्मभर कुबड राहील.

ह्याचा भुर्दंड मला पडला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. पडला तो बायकोला. लेकीला माहेरी न्यायला तिचा भाऊ यावा लागतो. असा न्यायला येणारा तो मुराळी. मुराळी आल्याशिवाय लेकीनं आपलं आपण निघून माहेरी जायचं नाही. गेली तर लोक म्हणतात, सासरी काहीतरी झालं. मेव्हणे आले नाहीत. नागपंचमीला आले नाहीत, दिवाळीला आले नाहीत. पहिली भाऊबीज कोरडी गेली. बायकोनं निरांजन घासून परत फडताळात ठेवलं. दुसरी भाऊबीजही कोरडी गेली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, भाऊ नसला की चंद्राला ओवाळतात. ओवाळ आणि मोकळी हो."

"भाऊ नसला तर," बायको म्हणाली. "माझा धडधाकट हाय. फकस्त आडमुठा हाय. त्येच्या वाटणीचं त्या चंद्राला कशाला देऊ?"

मग माझ्याकडे वळून, "आणि आडमुठा येकटा त्योच न्हाई."

मी छापखान्यातल्या कामाबद्दल काहीतरी बोललो.

चार दिवसांनी तिनं जाहीर केलं की ती माहेरी जाणार. मी म्हटलं, मुराळी? ती म्हणाली, "माझा मुराळी मीच." मी म्हटलं, एसटी पौडापर्यंतच जाते. ती म्हणाली, "येष्टीनं गेलं, पौडात उतरून डोक्यावर गाठोडं घेऊन चालत गेलं, की कुणी आणलं न्हाई म्हणून बिचारी आली, असं दिसतं. मला बिचारी दिसायचं न्हाई. मी सायकलवर जानार."

इथं मला एक कबुली द्यावी लागते. तिला सायकल मी शिकवली, असं मी चारचौघांत सांगत असे. खरं असं की पर्वतीच्या पायथ्याच्या मैदानात मी तिला एक रविवार शिकवलं, आणि पुढच्या रविवारी तिनं मला. मला ती विद्या दीड वर्षानं आली होती आणि तीही अर्धीच. एक हात सोडून सायकल चालवणं मला आजतागायत जमलेलं नाही. घंटी अंगठ्यानं वाजते म्हणून ठीक. पण नाक खाजलं तर मी उतरून खाजवतो. रस्त्यात ओळखीच्या माणसानं हात केला तर मी मान हलवतो, त्यामुळे अर्ध्या पेठेला मी शिष्ट वाटत असे.

दुसरी सायकल छापखान्यातल्या मशीनमननं दिली. पुरुषी सायकल, मधल्या दांडीची. तिच्या नऊवारीच्या कास्ट्याला त्या दांडीची काही अडचण नव्हती. अडचण होती ती माझ्या लेंग्याला. तो दर मैलाला चेन चघळत असे, म्हणून मी घोट्यांना सुतळी बांधली होती. तिच्या कॅरिअरला पिशवी. पिशवीत लुगडं, लहान ताट, करंज्यांचा डबा, आणि फडक्यात गुंडाळलेलं निरांजन, कुंकवाचा करंडा, अक्षता, सुपारी. भाऊबीज उलटून दहा दिवस झाले होते. "उशीर झालाय, रद्द न्हाई झालेली," ती म्हणाली.

भल्या पहाटे निघालो. कोथरूडपर्यंत मी पुढे होतो आणि तिला रस्त्याची माहिती देत होतो. कोथरूडच्या पुढच्या चढावर मी उतरलो. ती उतरली नाही. वर जाऊन ती एका दगडावर बसली होती. मी सायकल ढकलत पोचलो तेव्हा म्हणाली, "दमलाव?" मी म्हटलं, चेन बघत होतो. भुकुमच्या पुढे पिरंगुटचा घाट लागतो. चढताना पुन्हा चेन बघितली. उतारावर मात्र मी शौर्य दाखवायचं ठरवलं. मागचा ब्रेक लागत नव्हता, हे मला ठाऊक होतं. पुढचाही लागत नव्हता, हे निम्म्यात कळलं. मी वहाणेचा तळवा पुढच्या चाकावर टेकवला. धूर निघाला, वास आला, वहाण गेली. सायकल करवंदीच्या जाळीत थांबली आणि मी जाळीच्या पलीकडे.

"ही वाट तुमची रोजच्या पायाखालची म्हनं," ती वर रस्त्यावरून म्हणाली.

पुढचा सगळा प्रवास मी एका पायात वहाण आणि दुसऱ्या पायात तिनं फाडून दिलेली एक जादा, रिकामी सुताडी पिशवी बांधून केला.

पौडात चहाला थांबलो आणि बाजार थांबला. बाई सायकलवर, ती कास्टा मारलेली, ती कुंकू लावलेली, आणि मागून एक पुरुष पायाला पिशवी बांधून. पुण्याच्या कॉलेजातल्या मुली सायकलवर जातात हे लोकांना ऐकून माहीत होतं. पण ही त्यातली नव्हती, ही त्यांच्यातली होती. हेच त्यांना झेपेना. एका म्हाताऱ्यानं काठी टेकत जवळ येऊन विचारलं, "कुनाची गं तू, पोरी?"

तिनं वाडी सांगितली, बापाचं घर सांगितलं.

"म्हंजी हितलीच की! आन मुराळी कुटं हाय तुझा?"

"ह्यो काय." तिनं सायकलच्या सीटवर थाप मारली. "ह्येला भूक लागत न्हाई, रुसवा तर मुळीच येत न्हाई."

लोक हसले. म्हातारा हसला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "आन ह्यो कोन?"

"ह्यास्नी मीच घिऊन आले."

आता मी हे लिहितोय तेव्हा हसतोय. त्या वेळी माझे कान तापले होते. त्यातला एक तर लग्नातच पिळून तापायचा राहून गेला होता.

पौडाच्या पुढे माले गावाच्या बाजूला रस्ता हळूहळू वर चढतो, आणि मग एका वळणावर पाणी दिसतं. कार्तिकात तलाव भरलेला असतो. डोंगरांच्या बोटांमधून पाणी आत आत शिरलेलं, आणि रस्ता त्या प्रत्येक बोटाला वळसा घालून जाणारा: चढ, उतार, ओढ्यावरची मोरी, पुन्हा चढ. खाचरांत कापलेल्या भाताची खुंटं, बांधांवर रचलेले भारे. ती तिथं पहिल्यांदा आपणहून उतरली. पाण्याकडे बोट करून म्हणाली, "त्या टेकाडाच्या खाली आमचं जुनं घर. आजानं बांधलेलं. मी न्हाई बघितलं. दादानं बी न्हाई बघितलं. पर आमास्नी त्येची येक येक खोली पाठ हाय."

मग थोड्या वेळानं, "ज्यांनी धरन बांधून बुडवलं त्यातलं कुनी येऊन आमच्या आजाला 'चुकलं' म्हनलं न्हाई. आजा ते ऐकायच्या वाटंला डोळं लावून गेला. म्हनून आमच्या घरात त्या शब्दाला लई भाव."

 मला पहिल्यांदाच वाटलं की मेव्हण्यांचा हट्ट माझ्यापेक्षा जुना आहे. पण माझा हट्ट कमी झाला असं मात्र नाही. कुणा भलत्याच्या वाटणीचं 'चुकलं' मी का म्हणावं? ते मी पाण्याकडे बघत मनातल्या मनात ठासून म्हटलं.

आणि मग मी शेवटचं शहाणपण केलं. समोर, पाण्याच्या एका आखूड फाट्यापलीकडे, वाडीची घरं दिसत होती. हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. रस्ता मात्र तीन मैल वळसा घालून जात होता. मी म्हटलं, फाटा जिथं अरुंद होतो तिथून खाचरांतून पार होऊ. ती म्हणाली, "तितं रेंदा हाय." मी म्हटलं, चिखल वरून सुकलेला दिसतोय. ती म्हणाली, "वरून." आणि रस्त्यानं निघून गेली.

रेंदा म्हणजे काय ते मला गुडघ्यापर्यंत कळलं. सायकल हँडलपर्यंत. ती बाहेर काढून, खांद्यावर घेऊन मी पलीकडे चढलो तेव्हा बायको वाडीच्या वाटेवर झाडाखाली बसून आवळे खात होती. तिनं मला एक दिला. धुतलेला.

मेव्हणे खळ्यावर होते, घरासमोरच. भाताची पेंढी दोन्ही हातांनी वर घ्यायची आणि लाकडी फळीवर आपटायची, की दाणे खाली सांडतात. आम्हाला बघून पेंढी वरच्या वर थांबली.

"कुनी आनलं?" त्यांनी विचारलं. बहिणीकडे बघून, माझ्या डोक्यावरून.

"मी आले."

"मुराळी धाडला न्हवता आमी."

"म्हनून तर आले. दोन सालं वाट बघितली, आता पाय दुखाया लागलं. चालत आले असते तर तुझीच अब्रू गेली असती, म्हनून सायकलवर आले."

पेंढी फळीवर आली. दाणे उडाले. 

सासूबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या आणि तिथंच अडल्या. लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, तिला आणणाऱ्याच्या पायावर पाणी घालायचं. पण आणणारा कोण? मुलगा खळ्यावरून बघत होता. सासूबाईंनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा माझ्या पायांकडे (एकात पिशवी, दोन्ही रेंद्यानं काळे), आणि मग सरळ पुढे होऊन लेकीच्या सायकलच्या पुढच्या चाकावर तांब्याभर पाणी ओतलं. हँडलला कुंकू लावलं. लेकीला आत घेतलं.

मला कुणी 'या' म्हटलं नाही. जावई उंबऱ्याबाहेर, खळ्याच्या कडेला एका दगडावर. मी ठरवलं, बोलावल्याशिवाय उठायचं नाही. तासभर बसलो. मग उगाच बसण्यापेक्षा मी उठलो, एक पेंढी उचलली आणि फळीवर आपटली. दाणे माझ्याच डोळ्यांत गेले. दुसरी आपटली, ती माझ्या नडगीवर बसली. तिसऱ्या वेळी मेव्हण्यांच्या तोंडून माझ्याशी दोन वर्षांतले पहिले शब्द निघाले.

"उलटी धरलीया."

मी सुलटी धरली. खिळे उलटे जुळवणाऱ्याला हे सांगावं लागावं! आम्ही दोघं ऊन कलेपर्यंत झोडत होतो. मध्येच ते म्हणाले, "चुकलं म्हना, पाव्हणं. लगीच इषय मिटंल."

"माशी होती," मी म्हटलं.

"एवढी?" त्यांनी हाताची मूठ दाखवली.

"गुणगुणत होती."

"म्हंजी न्हाई म्हननार."

"नाही."

"मग जेवा आन सकाळी जावा."

जेवलो. नव्या आंबेमोहराचा भात होता, आणि अबोल्यात जेवलेला असूनही त्याची चव मला अजून आठवते, ही माझ्या जिभेची लाचारी.

सकाळी बायकोनं अंगणात पाट मांडला. ताटात निरांजन, करंडा, सुपारी, करंज्या. गोठ्याकडे तोंड करून हाक मारली, "दादा, ये रं. पाट मांडलाय."

गोठ्यातून बैलाच्या घंटेचा आवाज आला. दादा आला नाही. सासूबाई आत-बाहेर करत राहिल्या. ऊन पाटावर आलं, मग पाटावरून गेलं. मी तेव्हा 'चुकलं' म्हणू शकलो असतो. गोठा वीस पावलांवर होता. मी जागचा हललो नाही. ही ह्या गोष्टीतली माझी सगळ्यांत मोठी चूक, आणि ती कुठल्याही माशीवर ढकलता येत नाही.

बायकोनं निरांजन फडक्यात गुंडाळलं. आईकडून ओटी भरून घेतली, पाया पडली, आणि सायकलवर टांग टाकली. "जाते," गोठ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. "पुढच्या साली बी येनार. बोलावू नगंस."

वाडी सोडली की रस्ता पाण्याच्या अगदी काठानं चढतो. ती पुढे, मी मागे, चढावर धापा टाकत. शेताडातून कुणीतरी पळत येतंय असं वाटलं. वळून बघायची माझी प्राज्ञा नव्हती. मान वळवली की हँडल वळतं. मग कानाशी कुणाचा तरी श्वास आला, आणि दोन बोटांनी माझा डावा कान धरला.

धरला आणि पिळला. पूर्ण पिळला. दोन वर्षांचं व्याज धरून. मी सायकलवर, ते शेजारून पळत. मी हँडल सोडू शकत नव्हतो, आणि चढावर थांबलो असतो तर मागे घरंगळलो असतो.

"हात सोडता येत न्हाई म्हनं तुमास्नी," मेव्हणे म्हणाले.

ही बातमी कुठून फुटली ते मला कळलं. ती पुढे वळणावर पाय टेकवून उभी होती आणि तलावाकडे बघत होती, जणू तिला तिथं काही काम होतं.

"पिळा," मी ओरडलो. "पण चुकलं म्हणणार नाही!"

"नगा म्हनू," ते म्हणाले. "माझ्या बहिनीला नीट सांभाळा." आणि आणखी अर्धा पीळ दिला.

वळणावर पोचून मी दोन्ही पाय टेकले. तेव्हा नीट बघितलं. त्यांच्या डोक्यावर तो गुलाबी फेटा होता. घडी मोडलेला, नुकताच बांधलेला, एका बाजूला लाह्यांचा जुना तुपकट डाग. ओवाळून घ्यायचं तर डोकं झाकलेलं लागतं. ते रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडावर जाऊन बसले आणि म्हणाले, "आटप. खळं तसंच टाकून आलोया."

बायको पिशवीतून ताट काढू लागली.   तिनं काडी ओढली, वारा ती विझवून गेला. दुसरी विझली. तलावावरून सरळ येणारा वारा, आणि आडोसा कशाचाच नाही. तिसरी काडी ओढताना तिचा चेहरा मला दिसला, आणि मला कळलं की ही जर विझली तर ती रडेल, आणि दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलेलं नव्हतं.

"पाव्हणं, हात लावा की," मेव्हणे म्हणाले.

मी दोन्ही हात लावले. निरांजनाच्या दोन्ही बाजूंनी, ओंजळ करून. वातीनं पेट घेतला. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, भावाला ओवाळलं. मेव्हण्यांनी खिशात हात घातला, काही सापडेना. मग सदऱ्याच्या बाहीत अडकलेले भाताचे चार-पाच दाणे वेचून ताटात टाकले.

ओवाळताना मागे काहीतरी खडखडत गेलं, पण मी हलू शकत नव्हतो, हातात वात होती. ओवाळणं संपल्यावर तिघांनी वळून बघितलं. मी सोडलेली माझी सायकल उतारावरून निघाली होती, रस्ता ओलांडला होता, आणि काठाच्या गवतावरून तलावात गेली होती. वर फक्त मागचं चाक दिसत होतं, अजून फिरत.

पहिल्यांदा मेव्हणे हसले. मग ती. मग माझा इलाजच नव्हता.

आम्ही दोघं कमरेइतक्या पाण्यात उतरून सायकल ओढत होतो. फेटा भिजू नये म्हणून त्यांनी तो काढून बहिणीकडे दिला होता. "पुढच्या साली मी येतो न्याया," ते पाण्यातून म्हणाले. "तू आपली आपन यायची न्हाई."

तिनं तो गुलाबी फेटा स्वतःच्या सायकलच्या हँडलला गुंडाळला, पायडलवर पाय ठेवला आणि म्हणाली, "बघू."